वाया जाणारे पाणी

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडला जातो. चिवड्याचे तेलकट बोट पानाला लागते, मुले चित्रे पाहतात, सासूबाई चष्मा लावून कथा वाचतात. अशा ठिकाणी एखादी गोडशी कथा द्यावी आणि मोकळे व्हावे. माझीही आजवरची रीत तीच. पण यंदा मला भांडावयाचे आहे, आणि तेही एका शब्दाशी. शब्द साधा आहे, तुमच्याआमच्या सर्वांच्या तोंडी आहे, आणि तो किती दुष्ट आहे हे मला सातासमुद्रांपलीकडे एका वाळवंटातल्या तळ्याच्या काठी, तंबूत कुडकुडत असताना कळले. तो शब्द म्हणजे ‘वाया’.

२०२४ ची दिवाळी मी दादाकडे काढली. दादा वीस वर्षे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो गावी. इतकी वर्षे माझी भाऊबीज टपालाने व्हायची. यंदा समोर बसवून ओवाळीन, या हट्टाने मी गेले. तिकडे लक्ष्मीपूजन गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला झाले. ते आटोपते तोच माझा भाचा म्हणाला, “आत्या, उद्यापासून दोन रात्री आपण पिरॅमिड लेकवर. तंबू, मासेमारी, सगळे ठरले आहे. रविवारी भाऊबीजेला परत.” वहिनी रागावल्या, पाडव्याच्या दिवशी वाळवंटात कोणी जाते काय? पण मी माणदेशची. वाळवंटातले तळे म्हटल्यावर मला घरी बसवेना.

बरोबर भाच्याचे दोन मित्र होते आणि दादाचे एक स्नेही होते. हे गृहस्थ मूळचे आपल्या कृष्णाकाठचे, शिक्षणाने इंजिनियर; तरुणपणी इकडे पाटबंधाऱ्यांच्या कामावर होते, पुढे तिकडे गेले. मनुष्य मोठा सज्जन, हाताला उदार. मी शाळेत शिकवते म्हणून मला ‘बाई’ म्हणत. त्यांचे नाव मी सांगणार नाही, कारण माझे भांडण त्यांच्याशीच आहे.

सॅक्रामेंटोहून रस्ता सिएरा नेवाडाचा घाट चढतो, माथ्यावरच्या डॉनर खिंडीतून पलीकडे उतरतो, आणि ट्रकी नावाच्या गावापाशी एक नदी त्याला येऊन मिळते. तिचे नाव तेच, ट्रकी. ती ताहो या डोंगरातल्या प्रचंड सरोवरातून निघते आणि रेनो शहरातून वाहत वाळवंटात शिरते. एकूण लांबी सुमारे १२० मैल. आपल्याकडे नदी म्हटली की शेवटी समुद्र आलाच. हिला समुद्र नाही. ती पिरॅमिड सरोवरात जाते आणि तेथेच संपते. सरोवराला बाहेर वाट नाही. आपल्या लोणारला जशी नाही, तशी. आत आलेले पाणी बाहेर जाते ते फक्त उन्हाच्या वाटेने.

रेनोपासून पाऊणएक तास मोटार उघड्या माळावरून जाते. राखट झुडपे, राखट टेकड्या. एक झाड दिसेल तर शपथ. आटपाडीच्या माळावरून आलेल्या बाईलाही हा मुलूख जरा कोरडाच वाटला. मग रस्ता एका चढावर येतो आणि खाली एकाएकी निळे पाणी दिसते. किती निळे? आमच्या शाळेतल्या नकाशावर समुद्राला देतात तितके. काठाशी एक बाभूळ नाही, गवत नाही. उघडी वाळू, पांढरट दगड आणि पाणी. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरांच्या जवळपास, खोली साडेतीनशे फुटांच्या आसपास. हिमयुगात या भागात लाहोंटन नावाचे अफाट सरोवर होते, त्याचा हा उरलेला खोल खड्डा. पलीकडच्या काठाजवळ पाण्यातून एक टोकदार खडक वर आला आहे. १८४४ च्या जानेवारीत जॉन फ्रेमाँट हा गोरा प्रवासी येथे पोचला, त्याला त्या खडकात इजिप्तचा पिरॅमिड दिसला आणि त्याने तेच नाव ठेवले. तळ्याला आधी नाव नव्हते काय? होते. पण नाव ठेवणाऱ्याला आधीचे नाव विचारण्याची गरज भासत नाही. त्याच फ्रेमाँटच्या माणसांना नदीच्या मुखापाशी तेथल्या पायुट लोकांनी मासे खाऊ घातले. मासे इतके थोर की त्याने नदीलाच त्या माशांचे नाव देऊन टाकले. ते मात्र टिकले नाही.

आम्ही पश्चिम काठी वाळूवर तंबू ठोकले. परवाना आधीच काढलेला होता. तंबूचा वेगळा, माशांचा वेगळा. हा परवाना पायुट लोकांकडून घ्यावा लागतो, अमेरिकन सरकारकडून नव्हे, कारण तळे आणि सभोवतालची जमीन त्यांची राखीव आहे. १८५९ साली ती त्यांच्यासाठी बाजूला काढली गेली आणि १८७४ साली अध्यक्ष ग्रँट यांच्या आज्ञेने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. मधल्या काळात, १८६० साली, याच तळ्याच्या दक्षिणेला गोऱ्यांच्या आणि पायुटांच्या दोन लढाया झाल्या. इंजिनियरसाहेब पैसे भरताना पुटपुटले, “तळे देवाने केले, आणि पैसे यांना!” मी तेव्हा काही बोलले नाही. दादाचे स्नेही, वयाने वडील.

मासेमारीची तिथली तऱ्हा पाहून मी आधी हसले. लोक घडीच्या शिड्या घेऊन येतात. रंगारी घेतो तसली शिडी काठापासून दहावीस पावले आत पाण्यात रोवायची, छातीपर्यंतची रबरी तुमान चढवायची, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून गळ फेकायचा. काठाचा तळ उथळ असतो आणि मग एकाएकी खोल जातो. त्या कडेकडेने मोठे मासे फिरतात, म्हणून ही उंची. पहाटेच्या अंधारात, थंडी हाडात शिरलेली असताना, किनाऱ्यालगत ओळीने दहाबारा माणसे शिड्यांवर उभी आहेत, कोणी बोलत नाही. एखाद्या गावच्या सगळ्या विजेच्या तारा एकाच दिवशी दुरुस्त करायला घेतल्या आहेत, असे वाटे.

मलाही भाच्याने शिडीवर चढवले. शाळेतल्या घंटेपेक्षा उंच मी आयुष्यात कशावर चढले नव्हते. दोरी फेकायची आणि सावकाश ओढायची, एवढेच काम. पण तासभर ते केले की बोटे आपली राहत नाहीत. मला काही लागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला लागला. पाचसहा पौंडांचा असेल. अंगावर काळे ठिपके, गालांवर तांबूस झाक, आणि गळ्याखाली दोन केशरी-तांबड्या रेघा. या रेघांवरून त्याला ‘कटथ्रोट’, म्हणजे गळाकापी, ट्राउट म्हणतात. लाहोंटन कटथ्रोट हे त्याचे पूर्ण नाव. भाच्याने त्याला जाळीतच, पाण्यातच धरून ठेवले, मला दाखवले आणि सोडून दिले. मासा क्षणभर तसाच थांबला, मग शेपटीच्या एका हिसक्यात गेला.

त्या रात्री वारा सुटला. तेथे वारा सूचना देऊन येत नाही. पाडव्याची म्हणून मी एक पणती बरोबर नेली होती. ती तंबूत लावता येईना आणि बाहेर टिकेना. गॅसच्या शेगडीवर चहा झाला, वहिनींनी दिलेल्या चकल्या निघाल्या. अमावास्या नुकतीच उलटलेली, चंद्र कधीच मावळलेला. चांदणे म्हणजे काय ते मी लहानपणानंतर तेथे पुन्हा पाहिले. आणि अशा वेळी इंजिनियरसाहेब म्हणाले:

“बाई, खरे सांगू? हे सगळे पाणी वाया जाते आहे. डोंगरातून येते, इथे साचते, दर वर्षी चार फूट ऊन पिऊन टाकते. ना प्यायला, ना शेतीला. आणि आजूबाजूला माणूस नाही काणूस नाही. आपल्याकडे असते तर!”

रात्री मला उत्तर नीट सुचले नाही. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, आणि समोर पाण्यावर आयुष्य घालवलेला माणूस. पण परत आल्यावर मी या तळ्याविषयी मिळेल ते वाचले, आणि आता हे लिहिते आहे.

साहेब, तुमचे हे वाक्य नवीन नाही. एकशेवीस वर्षांपूर्वी ते सरकारी धोरण होते. १९०२ साली अमेरिकेत कोरड्या मुलुखात पाणी नेण्याचा मोठा कायदा झाला. नेवाडाचेच प्रतिनिधी फ्रान्सिस न्यूलँड्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याखाली जे खाते निघाले त्याच्या नावातच ‘रिक्लमेशन’ हा शब्द आहे. मुंबईकरांना तो चर्चगेटच्या अंगाने ठाऊक आहे. तेथे समुद्राकडून जमीन घेतली. येथे कोणाकडून काय परत घ्यावयाचे होते? परत घ्यायचे म्हणजे ते आधी आपले असावे लागते. पण नावे ठेवणारांनी असा विचार करावयाचा नसतो, हे फ्रेमाँटपासून चालत आलेले. कायद्याखालचे अगदी पहिले काम याच ट्रकी नदीवर झाले. १९०५ साली डर्बी येथे बंधारा घातला आणि नदीचे निम्मे, कधी निम्म्याहून कितीतरी अधिक पाणी कालव्याने फॅलन गावाकडे वळवले. विचार हाच, तुमचाच: नदी तळ्यात जाऊन फुकट उडून जाते, तर ती शेतात का जाऊ नये?

पुढे काय झाले ते पाहा. काही लाख एकर जमीन भिजेल अशी स्वप्ने होती. त्याचा तिसरा हिस्साही धड भिजला नाही. जे पिकले त्यात सर्वांत अधिक काय? घास. गुरांचा घास, आपण ज्याला लसूणघास म्हणतो तो. कालवा मातीचा, त्यातून पाणी झिरपून जाई. साहेब, उन्हाने नेले तर वाया आणि कालव्याच्या भेगांनी नेले तर उपयोगी, हा हिशेब कोणत्या कॉलेजात शिकवतात?

इकडे तळे उतरू लागले. १९६७ सालापर्यंत ते सुमारे ऐंशी फूट खाली गेले होते. ऐंशी फूट म्हणजे आठ मजली इमारत. पूर्वेला विनेमुक्का नावाचे जोडतळे होते, पिरॅमिडचे चढलेले पाणी त्यात जाई. १९३६ साली सरकारने तेथे पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर केले, आणि तीसचे दशक संपेतो तळेच आटून गेले! पाणी नेणारे खाते एक, पक्षी राखणारे खाते दुसरे. दोघांचे कपाट वेगळे. १९६२ साली अभयारण्य कागदावरूनही काढून टाकले. आज तेथे पांढरी माती उडते.

आणि मासा? पिरॅमिड सरोवरातला कटथ्रोट हा त्या जातीतला भीम. १९२५ साली जॉन स्किमरहॉर्न या पायुट माणसाने ४१ पौंडांचा मासा धरला. त्या जातीचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. हा मासा राहतो तळ्यात, पण अंडी घालायला नदीत चढतो. नदी बंधाऱ्यापाशी संपली आणि मुखापाशी गाळाचा उथळ पसारा झाला, त्यावरून मोठा मासा वर जाणार कसा? १९३८ साली ते शेवटचे नदीत चढले. पुढच्या काही वर्षांत ते तळ्यातून नाहीसे झाले. एकही उरला नाही.

दुसरा एक मासा आहे, कुयुई. जगात फक्त याच तळ्यात मिळतो. दिसायला सुंदर नाही, ओठ पातळ, पण चाळीस-चाळीस वर्षे जगतो. तेथल्या पायुटांचे स्वतःच्या भाषेतले नावच मुळी ‘कुयुई खाणारे’ असे आहे. आता सांगा, एखाद्या कुळाचे नाव ज्या माशावरून पडले, तो मासा ज्या पाण्यात राहतो ते पाणी वाया जात होते? माणूस नाही काणूस नाही, असे तुम्ही म्हणालात. साहेब, ज्यांच्या हातचा परवाना तुमच्या खिशात होता, ती कोण होती? त्यांच्यापैकी एका बाईने, सारा विनेमुक्काने, १८८३ साली इंग्रजीत पुस्तक लिहून आपल्या लोकांचे गाऱ्हाणे साऱ्या अमेरिकेसमोर मांडले होते. पुस्तक लिहिणारे लोक जेथे होते तो मुलूख निर्जन कसा?

त्या लोकांत एक गोष्ट सांगतात. पूर्व काठावर एक खडक आहे, पाठीवर डोक्यावरून शाल घेऊन बसलेल्या बाईसारखा, शेजारी टोपली. ती आई. तिची मुले आपसात भांडली, दूर पाठवावी लागली; ती त्यांच्यासाठी रडत बसली आणि तिच्या आसवांचे हे तळे झाले. त्या बाजूला आता पाहुण्यांना जाऊ देत नाहीत, कारण पाहुण्यांनी खडकांवर नावे लिहिली. आपल्याकडच्या किल्ल्यांवर आपण काय लिहितो ते मी येथे काढत नाही.

इंजिनियरसाहेबांचे आणखी एक म्हणणे होते, आणि ते मला टाळता यायचे नाही. “बाई, तुम्ही तर माणदेशच्या. पाणी वळवू नये असे तुम्ही म्हणता?”

खरे आहे. मी असे कसे म्हणेन? १९८० च्या आसपास जन्मलेली मी. माझे बालपण घागरीच्या रांगेत गेले. माणगंगा ही नदी आम्ही भूगोलात शिकलो आणि वाळूत पाहिली. २००३ च्या दुष्काळात आमची गुरे छावणीला होती; आई तेथे झोपे, मी भाकरी घेऊन जाई. अलीकडे टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी उपसून आमच्या आटपाडीकडे आणले. ज्या दिवशी ओढ्याला ते आले त्या दिवशी शाळा आपोआप सुटली, मुलांमागून मास्तर आणि बायाही ओढ्यावर. मी त्या पाण्यात पाय घालून रडले आहे. पाणी वळवणारांना मी शिव्या देईन तर माझे पाय झडतील.

पण ते पाणी कोणाचे तरी होते, हे मी जाणते. कृष्णेचे पाणी ‘वाया’ जात होते म्हणून आम्हांला मिळाले, असे जो म्हणेल त्याला माझे एवढेच सांगणे की, खाली नदीकाठी राहणाऱ्याला एकदा विचारून या. वाटणी म्हणा, मागणी म्हणा, गरज म्हणा. दोन भाऊ जमीन वाटून घेतात तेव्हा भांडतात, पंच बसवतात, तरी वाटणी होते. पण एकाने दुसऱ्याला सांगितले की तुझा हिस्सा तू वायाच घालवतोस, तेव्हा तो मी घेतो, तर ती वाटणी नव्हे. त्याला वेगळा शब्द आहे आणि पोलिसपाटलाला तो ठाऊक असतो.

फॅलनचे शेतकरीही चोर नव्हते, हेही मला म्हटले पाहिजे. सरकारने त्यांना बोलावले, जमीन दिली, पाण्याचे वचन दिले. त्यांनी घाम गाळला. त्यांच्या नातवंडांची घरे आज तेथे आहेत. सरकारने एकच पाणी दोघांना देऊन ठेवले होते, पायुटांना मुकाट्याने आणि शेतकऱ्यांना कागदावर. पुढे कोर्टात पाण्याची वाटणी ठरली, १९४४ साली निवाडा झाला, तेव्हा सरकार एकाच वेळी प्रकल्पाच्याही बाजूने उभे आणि पायुटांच्याही! निवाड्यात पायुटांना शेतीपुरते पाणी मिळाले. तळ्यासाठी, माशांसाठी काही नाही. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात दोन्ही पक्षांचा वकील एकच उभा राहिला तर काय होईल? तेथे तीन तपांनंतर, १९८३ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की झाले ते झाले, निवाडा पुन्हा उघडता येणार नाही.

हे वाचताना मला त्या लोकांचे नवल वाटले. हरले, पण घरी बसले नाहीत. त्याआधी १९७२ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन मंत्र्यांना खडसावले होते, की पायुटांचे विश्वस्त म्हणून तळ्याला पाणी पोचवणे हे तुमचे कर्तव्य आहे. कुयुई मासा १९६७ पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत होता. त्याचा आधार घेऊन वरच्या स्टँपीड धरणाचे पाणी माशांसाठी राखून घेतले. मग शहरे, शेतकरी, दोन राज्ये, सरकार या सर्वांशी बोलणी, आणि १९९० साली तडजोडीचा कायदा. नदी कशी चालवावी याचा सविस्तर करार व्हायला पुढे पंचवीस वर्षे लागली. तो २०१५ च्या अखेरीस अमलात आला. रेनो शहर बुडाले नाही, फॅलनची शेती उठली नाही. तळे पुष्कळ सावरले.

आणि भाच्याने धरला तो मासा कोठून आला? तो तर नाहीसा झाला होता! नेवाडा आणि यूटा यांच्या सीमेवर पायलट पीक नावाचा डोंगर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोणीतरी ट्रकीकडचे मासे तेथल्या एका ओढ्यात सोडून ठेवले होते. ओढा आमच्या शाळेमागच्या ओढ्याएवढा. १९७० नंतरच्या दशकात ते मासे तेथे सापडले. लहानखुरे, ओढ्याला शोभतील असे. पुढे संग्रहालयांत बाटल्यांत ठेवलेल्या जुन्या माशांशी त्यांचे वंशद्रव्य ताडून पाहिले, तर हे पिरॅमिडचेच! सरकारी मत्स्यकेंद्रात त्यांची पैदास केली, २००६ पासून ते पुन्हा तळ्यात सोडू लागले, आणि सातआठ वर्षांत वीस-वीस पौंडांचे मासे गळाला लागू लागले. २०१४ साली ते नदीत चढले आणि त्यांनी अंडी घातली. १९३८ नंतर प्रथमच. ओढ्याएवढ्या पाण्यात जो मासा बोटभर राहिला होता, त्याला त्याचे तळे मिळताच तो पुन्हा भीम झाला. २०२० साली तर त्या डर्बीच्या बंधाऱ्यावरच माशांना कालव्यात न जाता पार होता यावे म्हणून मोठी जाळी बसवली. बंधारा बांधणाऱ्याच खात्याने.

साहेब, तुम्ही शिडीवर उभे राहून दोन दिवस जो आनंद लुटलात, तो या ‘वाया’ गेलेल्या पाण्यातच राहतो. तुमच्या सांगण्याप्रमाणे पाण्याचा सदुपयोग झाला असता तर तुम्ही शिडी कोठे रोवली असती? वाळूत?

हवे तर अधिक दूर न जाता, याच नेवाडात दक्षिणेला वॉकर सरोवर आहे ते पाहून या. तेही त्याच जुन्या लाहोंटनचे उरलेले पिल्लू, तेथेही तोच मासा होता. तेथली नदी वरच्या वर शेतांनी पिऊन टाकली. सरोवर सुमारे दीडशे फूट उतरले, पाणी खारट होत गेले आणि ट्राउट मेले. कॅलिफोर्नियातले ओवेन्स सरोवर लॉस एंजलिस शहराने १९१३ सालापासून कालव्याने नेले. ते आटले आणि त्याच्या तळाची विषारी धूळ वर्षानुवर्षे गावांवर उडत राहिली. तिला दाबून ठेवण्यासाठी आता शहराला त्याच तळावर पाणी शिंपडावे लागते! मध्य आशियातल्या अरल समुद्राचे तर मी सांगायला नको. कापसासाठी त्याच्या दोन्ही नद्या वळवल्या, आणि मुइनाक या कोळ्यांच्या बंदरात आता गंजलेल्या नावा वाळूत उभ्या आहेत. या सगळ्या ठिकाणी आरंभ त्याच एका शब्दाने झालेला आहे.

तळ्याचे पाणी ऊन पिते, हे खरेच. दर वर्षी चार फूट. पण बाहेर वाट नसलेल्या तळ्याचे जगणे म्हणजे तेच तर आहे. नदीने द्यावे, उन्हाने घ्यावे, आणि मधल्या जागेत मासे, पक्षी, माणसे राहावीत. समोर अनाहो नावाचे बेट दिसत होते. पांढऱ्या पेलिकन पक्ष्यांची वसाहत म्हणून १९१३ पासून ते राखीव आहे. आम्ही गेलो तेव्हा पक्षी दक्षिणेकडे निघून गेले होते, बेट मोकळे होते. तुम्ही तेही पाहिलेत आणि म्हणालात, “हेही रिकामेच.” साहेब, दिवाळीत माझ्या शाळेला सुट्टी असते. तेव्हा कोणी येऊन वर्ग पाहिले तर तेही रिकामेच दिसतील.

रविवारी सकाळी आम्ही तंबू उचलले. मोटारीचे मागचे चाक वाळूत रुतले. शेजारच्या तळावरचा एक पायुट म्हातारा स्वतःची गाडी घेऊन आला, दोर बांधला आणि आम्हांला ओढून काढले. भाच्याने पैसे पुढे केले, त्याने घेतले नाहीत. मी उरलेल्या चकल्यांचा डबा दिला. तो त्याने घेतला, एक चकली तेथेच खाल्ली, आणि कशाची आहे म्हणून विचारले. तांदूळ, डाळ आणि तीळ, असे भाच्याने सांगितले. संध्याकाळी पाट मांडून मी दादाला ओवाळले. इंजिनियरसाहेबही होते, त्यांनाही ओवाळले, कारण तेही कोणाचे तरी भाऊ, आणि त्यांची बहीण सांगलीत. ओवाळणी म्हणून त्यांनी मला भारी पेन दिले, आणि हसत म्हणाले, “बाई, काय लिहायचे ते लिहा.”

त्याच पेनने हे लिहिले आहे. हा अंक मी त्यांना विमानाच्या टपालाने पाठवीत आहे. त्यांना उत्तर द्यावयाचे असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत पुष्कळ अवकाश आहे. फक्त एवढे करावे, की लिहिण्यापूर्वी एकदा पुन्हा परवाना काढून त्या तळ्यावर जाऊन यावे, आणि या वेळी परवाना देणाऱ्या माणसाशी चार शब्द बोलावे.